कोपराखाली हात तुटला तर: पहिल्या मिनिटापासून पहिल्या वर्षापर्यंत

माझा उजवा हात २०१४ साली कडबाकुट्टीत गेला. शेवटची पेंढी रोलरमध्ये अडकली होती, ती पंजाने आत ढकलायला गेलो आणि बाहीसकट ओढला गेलो. कोपराखाली आता साडेनऊ सेंटीमीटर उरलाय. तेव्हापासून आमच्या भागात कुणाचा हात गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मला फोन येतो. कुणाचा रसवंतीच्या चरकात, कुणाचा मळणीयंत्रात, कुणा भाच्याचा चाकणच्या पॉवर प्रेसमध्ये. कारणं वेगळी, प्रश्न तेच.

दवाखाना जीव वाचवतो, जखम शिवतो, टाके काढतो आणि घरी पाठवतो. पुढचं सांगायला कुणी मोकळं नसतं. आणि गोची अशी की पुढच्या बहुतेक गोष्टींना मुदत असते. काहींना मिनिटांची, काहींना तासांची, काहींना तीस दिवसांची. मी सगळ्या चुकवल्या. म्हणून हे सगळं घड्याळाच्या क्रमाने लिहितोय. मी डॉक्टर नाही. औषधाचा डोस, ऑपरेशनचा निर्णय हे त्यांचंच काम. त्यांना काय विचारायचं आणि घरी काय करायचं, तेवढं मी सांगू शकतो.

यंत्र आधी, माणूस मग

हात अजून यंत्रात असेल तर पहिलं काम मेन स्विच पाडणं. ट्रॅक्टरवर चालणारं यंत्र असेल तर ट्रॅक्टर बंद करून किल्ली खिशात घाला. घाबरलेल्या माणसाला ओढायची घाई सगळ्यांना होते, आणि ओढल्यावर शिरा, कातडी, स्नायू लांबपर्यंत सोलून निघतात. मोटार मेली आहे याची खात्री झाल्यावरच रोलर हाताने उलटे फिरवा. फिरत नसतील तर पाना घेऊन नट खोलणारा माणूस बोलवा. तोपर्यंत १०८ ला फोन गेलेला असला पाहिजे. हात सुटताक्षणी रक्त जोरात येऊ शकतं, म्हणून स्वच्छ कापडाची जाड घडी आधीच हाताशी ठेवा.

सुटल्यावर माणसाला आडवं झोपवा, उरलेला हात छातीच्या वर धरा आणि घडी जखमेवर तळहाताने दाबून ठेवा. कापड भिजलं तर वर दुसरं ठेवा. पहिलं काढून बघू नका. दाबूनही धार थांबत नसेल तर आवळपट्टी बांधायची. पट्टी निदान चार-पाच सेंटीमीटर रुंद हवी. उपरणं, ओढणी, गमछा चालेल. सुतळी, तार, बुटाची नाडी चालणार नाही, ती कातडीत रुतते आणि खालची नस चिरडते. जखमेच्या दोन-तीन इंच वर बांधा, सांध्यावर मात्र नको. जखम कोपराला चिकटून असेल तर कोपराच्या वर, दंडावर बांधा. गाठीत काठी किंवा पाना अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळा आणि तो तसाच पक्का करा. मग बांधल्याची वेळ पेनने त्याच्या कपाळावर किंवा दुसऱ्या हातावर लिहा. कपाळावर लिहिताना कसंतरी वाटतं, पण चिठ्ठी हरवते, कपाळ हरवत नाही. रस्त्यात 'जरा सैल करून बघू' म्हणून कुणी हात लावायचा नाही. ते काम दवाखान्याचं.

हळद, चुना, कॉफी पावडर, चुलीतली राख यांतलं काहीही जखमेत भरू नका. माझ्या जखमेत कुणीतरी मायेने हळद भरली होती. डॉक्टरांना ती धुऊन काढायला वेगळा वेळ लागला. आणि कितीही तहान तहान केली तरी पाणी, चहा देऊ नका, कारण भूल द्यायची असते. अंगावर घोंगडी टाका, बोलत राहा.

तुटलेला हात

एक माणूस जखमीकडे आणि एक तुटलेल्या भागाकडे, अशी वाटणी करा. भाग शोधा. चेंदामेंदा झाला असला तरी आणा. परत जोडता आला नाही तरी त्याची कातडी, एखादी नस, हाड उरलेल्या हाताचा खुंट झाकायला उपयोगी पडू शकतं. काय कामाचं आणि काय नाही हे आपण शेतात ठरवायचं नसतं.

माती लागली असेल तर स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने हलकेच धुवा. घासू नका, डेटॉल-स्पिरिट ओतू नका. सलाईनमध्ये किंवा स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या सुती कापडात गुंडाळा. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. ही पिशवी बर्फ आणि पाणी घातलेल्या दुसऱ्या पिशवीत, डब्यात किंवा थर्मासच्या बादलीत ठेवा. बर्फ मांसाला थेट लागता कामा नये. लागला तर तेवढा भाग गोठून मरतो आणि जोडता येण्याजोगा हातही वाया जातो. आमच्याकडे हातावर थेट कुल्फीवाल्याचा बर्फ ओतला गेला होता. चूक कुणाचीच नाही, कुणाला ठाऊकच नव्हतं.

घाई कशाची? बोटात स्नायू जवळजवळ नसतात, म्हणून तुटलेलं बोट थंड ठेवलं तर बराच काळ टिकतं. कोपराखालचा हात म्हणजे स्नायूंचा जुडगा. रक्ताशिवाय साध्या तापमानात तो साधारण सहा तासांत खराब व्हायला लागतो. थंड ठेवला तर मुदत दहा-बारा तासांपर्यंत ताणता येते. यात प्रवास, तपासण्या, भूल सगळं आलं. तुटलेला हात जोडणं आता नवलाचं राहिलेलं नाही. १९६२ मध्ये बॉस्टनला एका मुलाचा खांद्याजवळ तुटलेला हात जोडला गेला, पुढच्याच वर्षी शांघायमध्ये मनगटाजवळून तुटलेला. पण सूक्ष्मशल्यक्रिया करणारे सर्जन प्रत्येक तालुक्यात नसतात. म्हणून रुग्णवाहिकेतूनच फोन करून विचारा: 'हात जोडणारे प्लास्टिक सर्जन आत्ता आहेत का?' नसतील तर पहिल्या दवाखान्यात रक्तस्राव, सलाईन, धनुर्वाताचं इंजेक्शन एवढं उरकून पुढे निघा. प्रेसने किंवा पात्याने सरळ कापलेला हात जोडला जाण्याची शक्यता बरी असते. कडबाकुट्टीतला, चरकातला, ओढून तुटलेला बहुतेकदा जोडता येत नाही. माझा नाही जोडता आला, आणि ते ऐकायला सहा तास लागले नाहीत, सहा मिनिटं लागली.

जोडता आला नाही तर दवाखाना विचारतो, याचं काय करायचं? तो भाग वैद्यकीय कचऱ्यातून जाळला जातो. पुष्कळ घरं लेखी देऊन मागून घेतात. माझ्या वडिलांनी घेतला आणि बांधावर पुरला. मला हे दोन महिन्यांनी कळलं. तुम्ही मात्र जखमीला विचारा, तो विचारण्याच्या अवस्थेत असेल तर.

ऑपरेशनच्या आधी आणि नंतर

जोडणं शक्य नसेल तेव्हा सर्जन मेलेला भाग कापून, हाडाचं टोक गुळगुळीत करून, त्यावर स्नायू-कातडीची गादी शिवतात. इथे नातेवाइकाने एक प्रश्न विचारायचा: कोपर राहील का, आणि खाली किती लांबी राहील? कोपर म्हणजे अर्धा हात. कोपराखाली पाच-सहा सेंटीमीटर जरी राहिलं तरी कोपर वाकवून पिशवी अडकवता येते, वही दाबून धरता येते, कृत्रिम हात बसवता येतो. खालचा भाग जितका लांब, तितकं तळहात वर-खाली करणारं वळणही शिल्लक राहतं. अर्थात लांबीच्या हट्टापायी कुजका भाग ठेवायचा नसतो. निर्णय सर्जनचाच, प्रश्न मात्र आपला. बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांनी पुन्हा आत नेतात, पुन्हा साफ करतात. त्याने घाबरू नका. मातीची जखम एकदाच घाईने शिवण्यापेक्षा ते बरं.

याच दिवसांत तंबाखू आणि विडी बंद. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि कातडीची गादी काळी पडते. आमच्या वॉर्डात एकजण बायकोकडून तंबाखू मळून घ्यायचा, कारण मळायला दोन हात लागतात. त्याचे टाके दोनदा उसवले.

टाके साधारण दोन ते तीन आठवड्यांनी निघतात. वास, पू, वाढती लाली, ताप यांतलं काही दिसलं तर तारखेची वाट न बघता जा.

कागद: हे याच पंधरवड्यात

हा भाग मुद्दाम इथे, मध्येच घेतोय. सगळे तो शेवटी ठेवतात आणि मुदत निघून जाते.

दवाखान्यात नोंद 'एमएलसी' झाली का ते पहिल्याच दिवशी विचारा. म्हणजे पोलिसांना खबर गेली का. मग पंचनामा करून घ्या. यंत्र धुऊन-पुसून जागेवर लावण्याआधी त्याचे फोटो काढा. डिस्चार्ज कार्डावर 'उजवा हात, कोपराखाली' असं स्पष्ट आणि उरलेली लांबी सेंटीमीटरमध्ये लिहून मागा. उरलेल्या हाताचा एक्स-रे जपून ठेवा.

शेतकरी असाल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातलं आणखी एक माणूस, वय १० ते ७५, यात बसतात. एक हात गेला तर १ लाख, दोन अवयव गेले तर २ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तीस दिवसांच्या आत. माझ्या वेळी दुसरी योजना होती आणि माझा अर्ज उशिरा गेला, एवढंच सांगतो.

बँकेच्या पासबुकात वर्षाला २० रुपये (आधी १२) कापल्याची नोंद शोधा. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा. एका हाताचा वापर कायमचा गेला तर त्यात १ लाख मिळतात. कित्येकांना आपण विमा घेतलाय हेच माहीत नसतं. दाव्याचा फॉर्म बँकेतच मिळतो, तोही महिन्याभरात द्यायचा.

कारखान्यात हात गेला असेल तर आधी बघा, पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापलं जात होतं का. असेल तर उपचार, पगाराचा हिस्सा, कृत्रिम हात आणि कायमचा भत्ता तिकडून. नसेल तर कर्मचारी भरपाईचा कायदा. १९२३ चा तो जुना कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. त्यातल्या जोडपत्रात एक आकडा आहे जो प्रत्येकाने पाठ करावा: ११.४३ सेंटीमीटर. म्हणजे साडेचार इंच, कोपराच्या टोकदार हाडापासून मोजलेले. त्याच्या आत हात तुटला तर कमाईची क्षमता ७० टक्के गेली असं धरतात, त्याच्या पुढे तुटला तर ६० टक्के. तीस वर्षांच्या कामगाराचा हिशेब करून दाखवतो. २०२० साली ठरलेली १५,००० ची वेतनमर्यादा, तिचे ६० टक्के म्हणजे ९,०००, गुणिले त्या वयाचा गुणक २०७.९८, झाले १८,७१,८२०. याचे ७० टक्के १३,१०,२७४ आणि ६० टक्के ११,२३,०९२. एका इंचाने पावणेदोन लाखांहून जास्त फरक पडतो. म्हणून लांबी लिहून घ्या म्हणतो. ठेकेदाराचा माणूस दवाखान्यात येऊन 'वीस हजार घ्या आणि मिटवा' म्हणेल. कोऱ्या कागदावर डाव्या अंगठ्याचा ठसा द्यायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) यांचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. तपासणी जिल्हा रुग्णालयात होते. जखम भरल्यावर जा. कायद्याने सवलतींसाठी ४० टक्के लागतात, कोपराखालून हात गेलेला माणूस त्याच्या बराच वर असतो. प्रमाणपत्र कायमस्वरूपी मागा. हात परत उगवणार नाही, दर पाच वर्षांनी दाखवायला कशाला जायचं?

आणि बँकेतली सही. उजवा गेला असेल तर डाव्या हाताची नवी सही किंवा अंगठा नोंदवा. मी आठ महिने स्वतःच्याच खात्यातून पैसे काढू शकत नव्हतो.

खुंटाची पट्टी

खुंट. शब्द ऐकायला रांगडा आहे, पण 'स्टंप' पेक्षा मला जवळचा वाटतो. झाडाचा खुंट जमिनीत घट्ट असतो.

जखम भरली की खुंट सुजलेला, टोकाशी गोळा झालेला असतो. त्याला वरून खाली निमुळता आकार यावा म्हणून क्रेप बँडेज बांधायचं, तीन किंवा चार इंची. बांधायचं ते इंग्रजी आठच्या आकड्यासारखं, तिरपं तिरपं. गोल गोल वेटोळे घातले की दोरा बांधलेल्या फुग्यासारखं होतं, खालची सूज अडकते. टोकाशी घट्ट, वर येताना सैल, आणि कोपराच्या वर थोडं नेऊन थांबवा. दर चार-सहा तासांनी सोडून पुन्हा बांधा. टोक निळसर पडलं, ठणकलं, बधिर झालं तर लगेच सोडा. एका हाताने बांधताना सुरुवातीचं टोक गुडघ्याखाली किंवा मांडी आणि खुंट यांच्या मध्ये दाबून धरा. पहिला आठवडा रडू येतं, दुसऱ्या आठवड्यात जमतं. पुढे याच कामाचा घट्ट विणलेला मोजा मिळतो.

खुंट रोज संध्याकाळी साध्या साबणाने धुवा, टिपून कोरडा करा. सकाळी नको, कारण ओलसर कातडीवर मोजा चढवला की पुरळ येतं. व्रण पक्का भरल्यावर रात्री खोबरेल तेलाने चोळा. कातडी हाडाला चिकटून राहू नये म्हणून ती बोटाने हलवायची. केस काढू नका.

सुरुवातीला खुंटाला सदऱ्याचा स्पर्शही सहन होत नाही. त्यावर उपाय घरातच आहे. आधी कापूस फिरवायचा, मग मऊ कापड, मग टॉवेल. मग तांदळाच्या डब्यात खुंट खुपसायचा, मग हरभऱ्याच्या. दिवसातून तीन-चार वेळा, पाच-पाच मिनिटं. आईने माझ्यासाठी ज्वारीची परात वेगळी ठेवली होती. एखाद्या ठिकाणी बोट लागताच विजेचा झटका बसत असेल तर तिथे कापलेल्या नसेची गाठ असू शकते. ती ज्वारीने जात नाही, डॉक्टरांना दाखवा.

हात गळ्यातल्या झोळीत अडकवून दिवसभर बसू नका. महिन्याभरात कोपर वाकडं राहतं आणि मग कृत्रिम हात बसत नाही. रोज पूर्ण सरळ, पूर्ण वाकडं. खांदा कानापर्यंत वर, मागे, गोल. हाताचं वजन एका बाजूने कमी झाल्याने खांदा वर चढतो, पाठ तिरकी होते. आरशासमोर दोन्ही खांदे समान रेषेत आहेत का बघत चला.

नसलेला हात दुखतो

हे कुणी आधी सांगितलं असतं तर मला वेड लागतंय असं वाटलं नसतं. हात नाही, पण मूठ आवळलेली जाणवते, नखं तळहातात रुततात, अंगठ्याला मुंग्या येतात. हात गेलेल्या बहुतेकांना काही ना काही जाणवतं. अमेरिकी यादवी युद्धातल्या जखमींना तपासणाऱ्या सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ मध्ये याला 'फँटम' अवयव म्हटलं, तेच नाव चालू आहे. मेंदूतली हाताची जागा रिकामी होत नाही. निरोप यायचे थांबले तरी ती स्वतःच बोलत राहते. काहींचा हा आभासी पंजा हळूहळू आखडत खुंटाच्या आत येऊन बसतो. माझा बसला.

गावात याला बाहेरची बाधा म्हणतील, पुरलेला हात उकरून सरळ ठेवा म्हणतील. आमच्याकडे म्हणाले. त्याऐवजी दोन गोष्टी करा. एक, डॉक्टरांना 'दुखतंय' एवढंच सांगू नका, 'नसलेल्या पंजात दुखतंय' असं सांगा. साध्या वेदनाशामकाने हे दुखणं फारसं हलत नाही, नसांच्या वेदनेची औषधं वेगळी असतात आणि ती हळूहळू वाढवतात, हळूहळूच बंद करतात. दोन, आरसा. १९९० च्या दशकात व्ही. एस. रामचंद्रन यांनी ही युक्ती शोधली. कपाटाचा जुना आरसा छातीसमोर आडवा न ठेवता, नाकाच्या रेषेत उभा धरा. चांगला हात आरशाच्या चकचकीत बाजूला, खुंट मागे. अंगठी, घड्याळ, बांगडी काढून ठेवा. आता आरशात बघत चांगली मूठ सावकाश उघडा, मिटा, आणि मनाने दोन्ही मुठी उघडत-मिटत राहा. रोज पंधरा मिनिटं. सगळ्यांना गुण येतो असं नाही. मला तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा आवळलेली मूठ सुटल्यासारखी वाटली. गुण नाही आला तरी तो व्यायाम वाया जात नाही, कारण मूठ उघडण्या-मिटण्याचे स्नायू खुंटात असतात आणि बॅटरीवरचा हात त्यांच्याच इशाऱ्यावर चालतो.

झोप उडणं, चिडचिड, जगून काय उपयोग असं वाटणं हेही याच दिवसांत येतं. टेलि-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. घरच्यांनी चाकू-औषधं दूर ठेवावीत, आणि जगावंसं वाटत नाही का, हे सरळ विचारावंही. आणि लहान मुलांपासून खुंट लपवू नका. माझी मुलगी तीन वर्षांची होती. तिने एकदा हात लावून बघितला, 'मऊय' म्हणाली आणि खेळायला गेली.

कृत्रिम हात

आमच्याकडे सगळे 'जयपूर हात' मागतात. जयपूरची कीर्ती मुळात पायाची. तिथली भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून पाय आणि हातही मोफत बसवते. पण हाताचं गणित पायाहून अवघड आहे. पायाने उभं राहायचं, चालायचं. हाताने काय काय करायचं याची यादीच संपत नाही. म्हणून आधी ठरवा की हात कशासाठी हवा.

लग्नकार्यात लोकांच्या नजरा चुकवायला हवा असेल तर दिसायला हुबेहूब, न हलणारा हात पुरतो. त्यात कमीपणा काही नाही, आणि कागद दाबायला तोही कामाला येतो. शेत, गोठा, गॅरेज असं काम असेल तर खांद्याच्या पट्ट्याने आणि तारेने उघडणारा आकडा घ्या. दिसायला भीतीदायक, पण टिकाऊ, पाण्या-मातीला न घाबरणारा. दोन फाकांचा हा आकडा डॉरन्स नावाच्या अमेरिकनाने १९१२ मध्ये बनवला. त्याचा स्वतःचा हात लाकडाच्या गिरणीत गेला होता, आणि हे आकडा वापरताना कळतं. तिसरा बॅटरीवरचा. स्नायूंचे इशारे ओळखून बोटं हलतात. किंमत लाखांत, वजन जास्त, पाणी आणि धूळ वर्ज्य, दुरुस्तीला शहर. कार्यालयात बसून काम करणाऱ्याला तो शोभतो. व्हिडिओ बघून कर्ज काढू नका. आधी कुणा वापरणाऱ्याला भेटा, दोन वर्षं झालेल्याला.

पैसे नसतील तर रोटरी क्लबच्या शिबिरांत एलएन-४ नावाचा प्लास्टिकचा साधा हात मोफत देतात. कोपराखाली पुरेशी लांबी मात्र लागते. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं, महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी सुरू झालेलं.

कधी बसवायचा? जखम भरली की लगेच. महिन्याभरात निदान तात्पुरता हात मिळालेली माणसं तो वापरत राहतात असा जाणकारांचा अनुभव आहे. उशीर झाला की मेंदू एका हातात सगळं उरकायला शिकतो आणि दुसरा ओझं वाटू लागतो. मला दीड वर्षाने मिळाला. कपाटात आहे. आकडा मात्र रोज वापरतो. पहिला साचा, म्हणजे खुंटावर चढणारी खोबण, सैल होणारच, कारण खुंट वर्षभर आक्रसत जातो. बदलून मागा, लाजू नका.

मेलेल्या माणसाचा हात बसवतात म्हणे, हा प्रश्न हमखास येतो. बसवतात. भारतात २०१५ मध्ये कोचीला पहिल्यांदा झालं. पण शरीराने तो हात नाकारू नये म्हणून जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. दोन्ही हात गेलेल्यासाठी तो विचार समजतो. एक धडधाकट हात असताना मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

एका हाताचं घर

डावखुरं व्हायला लागतं, आणि आपल्याकडे त्यात एक गाठ आहे. जेवायचा हात उजवा, धुवायचा डावा. उजवा गेल्यावर दोन्ही कामं डाव्यावर येतात. संडासात जेट स्प्रे बसवा, हा पहिला खर्च करा, कृत्रिम हाताच्याही आधी. प्रसाद डाव्या हाताने घेताना पहिल्यांदा मी थबकलो. पुजारीबाबा म्हणाले, 'अरे, आहे तो हात पुढे कर.' तेव्हापासून प्रश्न मिटला.

पायजम्याला, परकराला, सलवारीला नाडीऐवजी इलॅस्टिक. शर्टाची वरची दोन बटणं सोडून बाकीची लावूनच डोक्यातून घाला. बुटांना नाडी नको. टूथपेस्ट सरळ तोंडात पिळा. बाटली गुडघ्यात धरून उघडा. परातीखाली ओलं फडकं घातलं की ती फिरत नाही, कणीक एका हाताने मळता येते. विळीचा नाद सोडा. लाकडी पाटावर खालून दोन स्टीलचे खिळे ठोका, टोकं वर काढा, बटाटा-कांदा त्यावर रोवा आणि सुरीने चिरा. म्हशीची धार एका हाताने निघते, वेळ दुप्पट लागतो आणि म्हैस कुरकुरते.

दुचाकीचा ॲक्सिलरेटर उजवीकडे असतो. उजवा गेला असेल तर तो डावीकडे घेऊन, गाडीत बदल करून, तशी नोंद आणि लायसन्स आरटीओकडून घ्या. नुसतं जुन्या लायसन्सवर चालवत राहिलात तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करेल.

उरलेला हात जपा. दहा वर्षांत माझं डावं मनगट रात्री बधिर व्हायला लागलं. डॉक्टर म्हणाले, दोन हातांचं काम एकाने केलं की असंच होतं. जड बादली अर्धी भरा, मोबाइल स्टँडवर ठेवा, खुंटाला जमेल ते खुंटाला करू द्या.

आणि एक अडचण जी कुणी धरूनच चालत नाही: एकुलत्या एका हाताची नखं कापायची कशी? वर्षभर बायको कापायची. मग एका सुताराने नेलकटर लाकडी ठोकळ्यावर स्क्रूने पक्का केला आणि दाबायच्या दांडीला रुंद पट्टी जोडली. ठोकळा टेबलावर ठेवायचा, बोट आत घालायचं, खुंटाने पट्टी दाबायची. फोन आला की मी भेटायला जाताना असा एक ठोकळा पिशवीत टाकतो.